आरशाचा कॅमेरा, बिनआरशाचा कॅमेरा

लग्नाचं काम घेऊन येणारा माणूस पूर्वी माझ्या पेणच्या स्टुडिओत आधी बसायचा, भिंतीवरचे फोटो बघायचा, चहा घ्यायचा आणि मग तारीख सांगायचा. आता तो उंबऱ्यावरूनच विचारतो, "मिररलेस हाय ना?" विचारणाऱ्याला मिरर कुठं असतो, तो काय करतो आणि तो नसला तर काय बिघडतं, यातलं काही म्हणजे काही ठाऊक नसतं. त्याला मेहुण्यानं सांगितलेलं असतं. मेहुण्याला मोबाईलमधल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि त्या कुणीतरीला कंपनीनं कॅमेरा फुकट दिलेला असतो. असं हे ज्ञान हातोहात माझ्या टेबलापर्यंत येतं आणि वर माझाच चहा पितं.

एकानं तर "फुल फ्रेम हाय काय?" असंही विचारलं. म्हटलं, चला, एक तरी जाणकार भेटला. मी होय म्हटल्यावर तो समाधानानं म्हणाला, "मग बरं झालं. आमचा गोतावळा मोठा हाय, सगळी मावली पायजेत." फुल फ्रेम म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला फोटो टिपणारा तुकडा जुन्या रिळाच्या चौकटीएवढा मोठा, बस्स, त्यात गोतावळ्याचा काही संबंध नाही. पण मी त्याला समजावत बसलो नाही. माझं समजावायचं वय गेलं.

माझा कॅमेरा डीएसएलआर. त्यात आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर पडून वर डोळ्यापर्यंत येतो, बटण दाबलं की आरसा उचलला जातो, खटॅक होतं आणि फोटो निघतो. म्हणजे मी डोळा लावला की मला समोरची नवरी दिसते, खरीखुरी, घामासकट. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकलाय. त्याला डोळा लावला की आत एक इवलासा टीव्ही दिसतो आणि त्या टीव्हीत नवरी दिसते. दोन हातांवर जिवंत माणूस उभा असताना त्याला टीव्हीत बघायचं, याला हल्ली प्रगती म्हणतात.

पेण आणि रोह्याच्या आम्हा फोटोग्राफरांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर दिवसभर हाच वाद. रोह्याच्या एका महाशयांनी आपला डीएसएलआर विकून मिररलेस घेतला आणि त्याला हार घालून, पुढ्यात नारळ ठेवून फोटो टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. माणूस मात्र होता तोच राहिला. पूर्वी त्याच्या फोटोत नवरदेवाचा फेटा कापलेला असायचा, आता तो जास्त स्पष्ट कापलेला असतो. गणपतीच्या आधी तो आमच्या पेणला एका कारखान्यात मूर्तींचे फोटो काढायला आला. कारखान्यात हवेतच प्लास्टरची पूड असते. तिथं त्यानं ऐटीत लेन्स बदलली. आरसा नसल्यामुळे आतला तुकडा उघडा पडला आणि पूड जाऊन त्यावर बसली. पुढच्या लग्नसराईतल्या त्याच्या प्रत्येक नवरीच्या गालावर एकाच जागी तीळ आहे. एका नवरीच्या सासूनं म्हणे तो शुभ मानला.

हे सगळं मी आयुष्यभर मजेत बघत बसलो असतो. पण भाचीचं लग्न ठरलं.

माझी थोरली बहीण पेणजवळच्या गडब गावाला दिलेली. घरची भातशेती आणि हायवेला लागून छोटंसं दुकान. तिची एकुलती एक मुलगी, आणि आम्ही दोघंच भावंडं, त्यामुळे त्या मुलीला मामाही एकुलता एक. नवरा मुलगा रोह्याचा, कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, कमी बोलणारा. लग्न रोह्याला हॉलवर करायचं ठरलं.

आमच्यात मुलीची आई मुलीचं लग्न लागताना बघत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की ती तुळशीपाशी जाऊन बसते. सगळं गाव अक्षता घेऊन पुढं आणि जिनं मुलगी वाढवली ती मागच्या दारी. ही रीत कुणी काढली त्याला एकदा भेटायचंय मला. पण रीत आहे, आणि ती आहे म्हणून मी माझ्या धंद्यात एक शिरस्ता पाळत आलोय. अंतरपाट खाली येतो त्या घटकेचा मुलीचा चेहरा मी कधी चुकवला नाही, आणि तो फोटो अल्बमची वाट न बघता तिथल्या तिथं, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, आधी तिच्या आईला नेऊन दाखवला. बाकीचं लग्न मी हारतुऱ्यांसाठी काढतो. तेवढा एक फोटो त्या बाईसाठी काढतो.

ताईला हे माहीत होतं. तारीख ठरली त्याच दिवशी ती म्हणाली, "मला बाकी काय नको तुझ्याकडून. अंतरपाट खाली आल्यावर पोरीचं तोंड कसं झालं, तेवढं दाव मला."

"दावतो की. एवढ्यांच्या आयांना दाखवलं, तुला नाय दाखवणार?"

"कसा दावशील? तू मामा हायस. तू तिच्या मागं उभा असणार."

इतक्या लग्नांत नवरीच्या मागं उभा असलेला मामा मी बघितलाय. तो मध्ये आला म्हणून हातानं बाजूला सारलाय. तो मामा एक दिवस मीच असणार, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी म्हटलं, चुलत भाऊ आहे ना, त्याला उभा करू. ताई उसळली.

"सख्खा मामा हॉलात फिरतोय आणि पोरीमागं चुलत? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

म्हणजे फोटो दुसऱ्यानं काढायचा. ग्रुपवरच्या एकाही विद्वानाच्या हातात मी ही जबाबदारी दिली नसती. राहता राहिला माझा जोडीदार. आम्ही वर्षानुवर्षं एकत्र काम करतो, मी फोटो आणि तो व्हिडिओ. माणूस सज्जन, पण व्हिडिओवाला. व्हिडिओवाल्याला कुठलीच घटका पकडावी लागत नाही. तो कॅमेरा चालू करून उभा राहतो आणि घटका आपोआप त्याच्यात येऊन पडतात, मग तो घरी बसून त्यांना गाणी लावतो.

मी त्याच्या हातात माझा डीएसएलआर दिला आणि स्टुडिओत तालीम घेतली. कपाळाला मुंडावळ्या बांधून मीच नवरी होऊन खुर्चीवर बसलो. माझ्या कॅमेऱ्यात फोकसचा ठिपका आपण नेमका डोळ्यावर ठेवायचा असतो. लेन्स पूर्ण उघडी असली की डोळा स्पष्ट आणि कान पुसट, इतका कमी वाव असतो. जोडीदारानं फोटो काढले. पहिल्यात माझ्या मुंडावळ्यांचे मणी एक एक मोजता येत होते आणि त्यामागं कुणीतरी बसलेलं होतं. दुसऱ्यात माझा कान उत्तम आला होता. तेवढ्यात पासपोर्ट फोटो काढायला एक बाई दार ढकलून आत आल्या, त्यांनी मला मुंडावळ्यांत बघितलं आणि नंतर येते म्हणाल्या. त्या आल्या नाहीत.

"लेन्स थोडी बंद करून काढू," जोडीदार म्हणाला, "म्हणजे सगळंच स्पष्ट येईल."

"आणि मागचे पंखे, पाण्याचे जार, लोकांची तोंडं? तीपण स्पष्ट येतील. ताईला पंखे नाय बघायचेत."

"मग मिररलेस घे भाड्यानं," तो म्हणाला. "तो आपला आपण डोळा शोधतो. उघडा डोळा दिसला की त्याच्यावर चौकोन येतो आणि मग तो डोळा सोडत नाय. माझं काम फक्त बटण दाबायचं."

फक्त बटण दाबायचं! याच वाक्यासाठी मी त्या कॅमेऱ्यांचा तिटकारा करत आलोय. पण ताईचं तोंड आठवलं आणि मी मुकाट्यानं एक मिररलेस भाड्यानं आणला.

आधी तो धरमतरच्या बाजूच्या एका लग्नात वापरून बघितला. हातात धरला तर वजनच नाही. त्याला आवाजही नव्हता, भाड्यानं देणाऱ्यानं तो बंद करून ठेवला होता आणि तो कुठून चालू करायचा ते मला सापडेना. लग्न लागलं आणि आहेराला सुरुवात झाली. आहेराची आमच्याकडची पद्धत अशी की पाहुणा पाकीट पुढं करतो, नवरी ते धरते, पण पाहुणा सोडत नाही. दोघं मिळून पाकीट धरतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. खटॅक झालं की पाहुणा सोडतो. फोटो निघाला म्हणजे आहेर पोचला, त्याआधी नाही. मी फोटो काढला, आवाज आला नाही, पहिल्या आजोबांनी पाकीट सोडलं नाही. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "काय झालं? काढ की." मी पुन्हा काढला. आजोबा पाकीट धरून कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि नवरी दुसऱ्या टोकाला धरून. मागची रांग मांडवाबाहेर गेली. मिठागरातून थेट आलेल्या काही बायका मागून ओरडायला लागल्या, "चल गो पुढं, ऊन लागतंय!" शेवटी मी प्रत्येक फोटोला तोंडानं 'खटॅक' म्हणायला लागलो. माणसं लगेच पाकीट सोडायला लागली. इतकी वर्षं धंदा केला आणि शेवटी मी कॅमेऱ्याचा आवाज काढणारा माणूस झालो.

एवढी फजिती झाल्यावर ते डबडं परत करून मोकळा झालो असतो. पण त्याच लग्नात अंतरपाट खाली आला त्या घटकेचा फोटोही मी त्यावरच काढला होता. तो पडद्यावर उघडून बघितला. मुलीच्या डोळ्यातलं पाणी, पापणीचा केस न् केस, सगळं जागच्या जागी. मी डोळ्यावर ठिपका ठेवला नव्हता, काहीच केलं नव्हतं. मला राग आला. तो फोटो वाईट यायला हवा होता.

तिच्या आईला नेऊन दाखवला. ती बघत बसली आणि मग तिनं ओला हात लुगड्याला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला. त्या हातामुळे मी ठरवलं. ताईसाठी मिररलेस. माझ्या अकलेवर सोडलं असतं तर मी डीएसएलआरच म्हटलं असतं, पण त्या दिवशी कॅमेरा माझ्या हातात नसणार होता, आणि ज्याच्या हातात असणार होता त्याला कान आणि डोळा यांतला फरक कळत नव्हता. घरी बसून मी आवाजाचं बटणही शोधून काढलं आणि तो चालू केला.

लग्नाच्या दिवशी मला फेटा बांधला. हॉल गच्च भरलेला. ताई मंगलाष्टकांआधी उठली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मागच्या दारानं गेली. त्या हॉलवाल्यानं तुळस कुठं ठेवावी? भांडी घासायच्या नळापाशी, गॅसच्या सिलिंडरांच्या शेजारी एक कुंडी. तिथं एका खुर्चीवर ती बसली.

मी भाचीला बोहल्यावर आणलं आणि तिच्या मागं उभा राहिलो, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. समोर अंतरपाट, पलीकडे नवरा. नवऱ्याच्या खांद्यामागून जोडीदारानं कॅमेरा रोखलेला. व्हिडिओचा कॅमेरा त्यानं बाजूला तिपाईवर लावून ठेवला होता आणि त्याच्यासमोर नवऱ्याकडचे एक काका फेट्यासह उभे राहिले होते ते शेवटपर्यंत हलले नाहीत. बाकी हॉलमधल्या सगळ्यांनी मोबाईल वर धरले होते. त्या सगळ्यांच्या फोटोंत एकमेकांचे मोबाईल आले.

मंगलाष्टकं लांबली. एका आत्याबाईंनी स्वतः रचलेलं म्हटलं, त्यात दोन्हीकडच्या नातेवाइकांची उजळणी झाली. मी जोडीदाराकडे बघत होतो. त्याचं बोट बटणावर आहे की नाही ते दिसत नव्हतं. कॅमेरा जरा तिरका धरलाय असं वाटलं. लेन्सच्या पुढं एका बाईंचा हात येतोय असं वाटलं. मी मानेनं खूण केली, त्यानं बघितली नाही.

"सावधान" झालं, बँड सुरू झाला, अंतरपाट खाली आला. अक्षता पडायला लागल्या. आणि खटॅक झालं नाही.

मी कान टवकारले. बँड असू दे, ताशे असू देत, शटरचा आवाज मला ऐकू येतोच. काहीच नाही. मी जोडीदारावर डोळे वटारले. काढ! त्यानं शांतपणे मान हलवली आणि तसाच उभा राहिला. मी आणखी वटारले. मग हार घातले गेले, लोक बोहल्यावर चढले आणि ती घटका संपली.

मी गर्दीतून त्याला गाठलं. "दाबलंस काय बटण?"

"दाबून धरलं होतं. ढिगानं निघालेत फोटो."

"मग आवाज?"

"बंद केला मी," तो म्हणाला. "मंगलाष्टकांत तुझं खटॅक खटॅक नको. इतकी वर्षं माझ्या व्हिडिओत एकही आवाज तू नीट येऊ दिला नायस."

हे त्यानं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं आणि बाहेर काढायला नेमका हा दिवस निवडला होता. पण फोटो निघाले होते. मी कॅमेरा घेतला आणि न बघताच मागच्या दाराकडे निघालो. ताईनं आधी बघावं, मग मी.

ती नळापाशी तशीच बसली होती. भांडी घासणाऱ्या बाया तिच्या भोवतीनं काम करत होत्या. मी शेजारी टेकलो आणि पडदा तिच्यासमोर धरला.

फोटो अतिशय सुंदर आला होता. फेट्याची जर, कपाळावरचा घाम, वटारलेल्या दोन डोळ्यांतली एक एक लाल शीर, रागानं फुगलेल्या नाकपुड्या. असा स्पष्ट मी जन्मात कधी आलो नव्हतो. आणि माझ्या पुढं, बरोबर मध्यावर, मुंडावळ्या बांधलेलं काहीतरी गुलाबी, पुसट.

मी पुढचा फोटो लावला. तोच. त्याच्या पुढचा, तोच. ढिगानं निघालेल्या प्रत्येक फोटोत त्या हुशार यंत्रानं माझाच डोळा धरून ठेवला होता. जोडीदार मागून येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "डोळ्यावर चौकोन आला होता ना पण." आला असेल. कुणाच्या डोळ्यावर, एवढं बघायला त्या टीव्हीत तेवढी जागा नसेल.

ताईनं मला विचारून बटण दाबलं आणि फोटो मोठा केला. मुलीचा चेहरा आणखी पुसट झाला. तिनं आणखी मोठा केला. मग गुलाबी रंगाशिवाय काही उरलं नाही.

"हे काय रे?" ती म्हणाली. "मी तुला कुठं बघायला मागितला होता?"

मला त्या कॅमेऱ्याचा, तो बनवणाऱ्यांचा, जोडीदाराचा, आवाज बंद करायच्या बटणाचा, सगळ्यांचा संताप आला. मी बोलायला लागलो, उघडी लेन्स, पुढचं पुसट, मागचं स्पष्ट. ताईनं हात वर करून मला थांबवलं. नवरा मुलगा हात धुवायला नळाशी आला होता.

"जावईबापू," ताई म्हणाली, "तुम्हीच सांगा. अंतरपाट खाली आल्यावर हिचं तोंड कसं झालं होतं?"

तो बिचारा गांगरला. ओले हात तसेच धरून उभा राहिला. "आई, तिनं डोळं मिटलं होतं," तो म्हणाला. "गच्च. मी हार घालेपर्यंत उघडलंच नाय."

म्हणून यंत्र मागं गेलं होतं. त्याला उघडा डोळा हवा होता आणि तिथं एकच जोडी उघडी होती.

ताई हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे तिनंपण नाय बघितलं," ती म्हणाली. "मीपण असंच मिटलं होतं माझ्या वेळी. कुणाला सांगितलं नाय कधी." जावयाला तिनं हातानंच जा म्हटलं. मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"तू तर तिला धरून उभा होतास ना रे? ती कापत होती काय?"

माझे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते, पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्यापर्यंत. मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला काहीच सांगता येईना. समोरच्या त्या कॅमेऱ्याचं मॉडेल तेवढं मी नंबरासकट सांगू शकलो असतो.